कॅरॅमल फुटलं, म्हणून काय झालं?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: कोल्हापुरातल्या एका आईचं पत्र आहे. मोठी मुलगी येत्या नोव्हेंबरात सात वर्षांची होईल, धाकटा साडेतीनचा आहे. अमेरिकेतल्या नणंदेच्या मुलानं व्हिडिओ कॉलवर काडीला खोचलेलं, कॅरॅमलमध्ये बुडवलेलं अख्खं सफरचंद दाखवलं. तेव्हापासून मुलीचा एकच धोशा आहे : वाढदिवसाला मला तसलंच हवं. या आईनं दोन वर्षांपासून घरातली साखर जवळजवळ बंद केली आहे, म्हणून तिनं गूळ आणि दूध आटवून कॅरॅमल करून पाहिलं. ते फुटलं. मग मधाचं केलं, ते सफरचंदावर टिकलंच नाही, ओघळून ताटात उतरलं. सासूबाई म्हणतात, "एक दिस साखर खाल्ली तर काय हुतंय लेकराला?" त्यातच मुलगी मैत्रिणीच्या घरी लपून चॉकलेटं खाते, हे कळलं. वाढदिवसाला पंधरा मुलं येणार आहेत. 'शुगर फ्री पार्टी' असा निरोप पालकांच्या ग्रुपवर टाकायला लिहून ठेवला आहे, पण पाठवायचा धीर होत नाही. ती विचारते : नैसर्गिक गोडी वापरून हा पदार्थ सोप्या रीतीनं जमेल का? मुलांना किती द्यावा? आणि माझं कुठं चुकतंय का?

उत्तर:

ताई, आधी पातेल्यात फुटलेल्या त्या कॅरॅमलबद्दल बोलू. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त दुःख त्याचंच दिसतं.

ते तुमच्या हातून बिघडलं नाही. गूळ किंचित आंबट असतो आणि तापलेल्या दुधात पडला की दूध नासवतो. गुळाचा चहा करणारी प्रत्येक बाई हे जाणते, म्हणून ती गॅस बंद करून मगच गूळ आणि दूध एकत्र आणते. तुम्ही दोन्ही मिळून वीस मिनिटं उकळलंत, मग ते फुटणारच. मधाचं कारण वेगळं आहे. मधात फळसाखर जास्त असते आणि ती हवेतलं पाणी ओढून घेते. मध कितीही आटवला तरी मऊ राहतो, ओला होतो आणि सफरचंदाच्या गुळगुळीत सालीवरून घसरतो. त्यात बाजारातल्या सफरचंदांवर बहुतेक वेळा मेणाचा पातळ थर असतो. तेव्हा दोन्ही वेळेला चूक पदार्थांच्या जोडीची होती.

आपल्याकडे गूळ आणि दाट रस यांची न फुटणारी जोडी फार जुनी आहे. घाट उतरून कोकणात गेलं की शिरवाळ्यांबरोबर, म्हणजे तांदळाच्या शेवयांबरोबर, जो रस वाढतात, तो नारळाच्या दुधात गूळ घालूनच करतात. तो फुटत नाही. गाईम्हशीच्या दुधातलं जे प्रथिन आंबटपणानं गोळा होतं, ते नारळाच्या दुधात नसतंच. तुमच्या कॅरॅमलचं उत्तर तिथं आहे.

कृती पुढं सांगते. त्याआधी तुम्ही गृहीत धरलेल्या एका गोष्टीपाशी थांबावं लागेल. पत्रात तुम्ही तीन वेळा लिहिलंय, 'नैसर्गिक आहे म्हणजे चालेल.' गूळ, मध, खजूर, काकवी हे सगळं साखरेच्या पलीकडचं काहीतरी आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. मला तुमचा हेतू कळतो आणि तो चांगलाच आहे. पण शरीराच्या हिशेबात गुळाचा मोठा भाग साखरच असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये साखरेबद्दल जी मार्गदर्शक सूचना दिली, तिच्यात वरून घातलेल्या साखरेबरोबर मध, पाक आणि फळांचे रसही एकाच रांगेत धरले आहेत. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी यांचा वाटा दहा टक्क्यांच्या आत ठेवावा आणि पाच टक्क्यांच्या आत राहिला तर अधिक बरं, असं त्यात म्हटलं आहे. सात वर्षांच्या मुलीसाठी दहा टक्के म्हणजे दिवसाला ४० ग्रॅमच्या आसपास, पाच टक्के म्हणजे २० ग्रॅम. सपाट भरलेल्या चहाच्या चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर बसते, त्यावरून अंदाज येईल. अख्ख्या सफरचंदातली स्वतःची गोडी या हिशेबात येत नाही, कारण ती चोथ्यासकट, चावून, सावकाश पोटात जाते.

गुळात लोह असतं म्हणून तो द्यावा, असंही आपण ऐकत आलो. पण मुलाला शोभेल एवढ्या, म्हणजे दहा ग्रॅम गुळातून मिळणारं लोह फार थोडं. त्यासाठी पालेभाजी, नाचणी, डाळी आहेत. गूळ वापरा तो चवीसाठी. साखरेच्या कॅरॅमलला जो खमंग, किंचित कडसर वास आणायला साखर जाळावी लागते, तो गुळात बऱ्यापैकी आधीच असतो. गुळव्यानं काईलीत रस तास न् तास आटवताना तो आणलेला असतो. आणि आपण कोल्हापुरात राहतो. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरीची पेठ वसवली, शाहू मार्केट यार्डात आजही गुळाचे सौदे निघतात, २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. असं असताना एका वाचकाला दुकानात मेपल सिरप शोधत फिरताना पाहून मला वाईट वाटलं होतं. आपल्याकडे काकवी आहे. ती त्याच कामाला येते आणि माझ्या जिभेला जास्त चवदार लागते.

आता तुमच्या त्या निरोपाविषयी. 'शुगर फ्री पार्टी' असं कृपा करून लिहू नका. ते खरं नाही, आणि त्यानं इजाही होऊ शकते. पंधरा मुलांत एखाद्याला लहानपणीचा मधुमेह असेल, तर त्याची आई हे दोन शब्द वाचून निर्धास्त होईल. त्याऐवजी सरळ लिहा : 'खाऊत गूळ, काकवी, नारळ, लोणी, शेंगदाणे आणि तीळ आहेत. कुणाला यातलं काही चालत नसेल तर आधी कळवा.' शेंगदाण्याची किंवा तिळाची अॅलर्जी असलेलं मूलही यातून वेळेत कळेल.

आणि मुलीनं लपून खाल्लेली चॉकलेटं. तुम्ही लिहिलंय, 'मी कमी पडले.' मला ते वेगळं दिसतं. घरात जे पूर्ण बंद असतं, त्याच्याकडे मुलांचं लक्ष जास्त लागतं. बालआहाराच्या अभ्यासांतूनही हे दिसलेलं आहे आणि आपल्या घरांतूनही दिसतं. ती मैत्रिणीकडे लपून खाते याचा अर्थ तिला गोडाची भूक आहे, आणि ती भूक तुमच्यासमोर सांगायची तिला भीती वाटते. यातली भीती मला जास्त महत्त्वाची वाटते. गोडाला घरात एक ठरलेली, उघडी जागा द्या : सणाला, वाढदिवसाला, रविवारी जेवणानंतर. त्या जागेवर ते मोकळ्या मनानं द्या आणि एरवी नाही म्हणा. असं 'नाही' मुलांना समजतं. ते कधी 'हो' होणार, हे त्यांना माहीत असतं. सासूबाईंचं म्हणणंही मग इतकं लांबचं वाटणार नाही. एका दिवसाच्या साखरेनं खरंच काही होत नाही. प्रश्न रोजच्या बिस्किटांचा असतो. तो त्यांच्याशी वेगळा आणि शांतपणे बोला, वाढदिवसाच्या दिवशी मुळीच नको.

आता करायचं कसं ते. पहिली गोष्ट, अख्खं सफरचंद नको. फोटोत ते सुंदर दिसतं, पण सात वर्षांच्या पोरीच्या तोंडात मावत नाही. ती वरचं कॅरॅमल चाटते आणि सफरचंद टाकून देते, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या नेमकं उलट होतं. सालीसकट जाड फोडी करा. प्रत्येक फोडीला सालीच्या बाजूनं आइस्क्रीमची लाकडी काडी खोचा आणि फक्त निम्मी फोड बुडवा. काडी आहे, कॅरॅमल आहे, सफरचंद आहे. मुलीला तेवढं पुरेल.

सफरचंद लहान, टणक आणि शक्य तितकं आंबटसर घ्या, कारण आंबटपणाशिवाय गुळाची चव जड होते. वाढदिवस नोव्हेंबरात आहे, तोवर किन्नौरची कडक सफरचंदं बाजारात असतात, ती उत्तम. कपिलतीर्थ मंडईत घेताना दाबून बघा. हाताला भुसभुशीत लागलं तर ठेवून द्या. घरी आणल्यावर दहा सेकंद गरम पाण्यात बुडवा आणि खरखरीत फडक्यानं पुसा, म्हणजे वरचं मेण निघेल. फोडी काळ्या पडू नयेत म्हणून दोन वाट्या पाण्यात अर्ध्या लिंबाचा रस घालून त्यात पाच मिनिटं ठेवा. त्यानंतर त्या अगदी कोरड्या करा, आणि हे काम घाईनं उरकू नका. सुती पंचावर पसरा, वरून टिपा, दहा मिनिटं पंख्याखाली ठेवा. ओल्या फोडीवर कुठलंच कॅरॅमल बसत नाही, मग ते गुळाचं असो की साखरेचं.

कॅरॅमलसाठी एक वाटी चिरलेला गूळ (१५० ग्रॅमच्या आसपास), दोन मोठे चमचे काकवी, अर्धी वाटी नारळाचं पहिलं दाट दूध, एक मोठा चमचा लोणी आणि चिमूटभर मीठ घ्या. गूळ साधा घ्या. चिक्कीच्या गुळानं पाक काचेसारखा होतो आणि दातांत अडकतो. फार पिवळाधमक गूळही टाळा. तो रंग आणण्यासाठी पुष्कळदा रसायन वापरलेलं असतं. तपकिरी, थोडा काळपट असेल तर चांगलं, कॅरॅमलला रंग आयताच येतो. काकवी मात्र वगळू नका. तिच्यातल्या साध्या साखरांमुळे गुळाचे कण पुन्हा जमत नाहीत आणि कॅरॅमल रवाळ न होता ताणलं जातं.

जाड बुडाच्या पातेल्यात गूळ आणि नारळाचं दूध मंद आचेवर ठेवा. गूळ विरघळला की गाळून घ्या, तळाशी कचरा असतोच. मग काकवी आणि मीठ घालून मध्यम-मंद आचेवर ढवळत राहा. आधी मोठे बुडबुडे येतील, पुढं ते लहान आणि संथ होतील. दहा-बारा मिनिटांनी वाटीभर गार पाण्यात एक थेंब टाका. तो विरघळला तर थांबा. बोटांत धरून त्याची मऊ गोळी झाली आणि दाबल्यावर ती चपटी झाली, की त्या क्षणी गॅस बंद करा. गोळी कडक होऊन ताटलीवर टणकन वाजली, तर तो चिक्कीचा पाक झाला. तरी तो फेकू नका, दोन चमचे गरम नारळाचं दूध घालून हलवा, परत मऊ होईल. शेवटी लोणी घाला. हवी तर सुंठ किंवा वेलची घाला. सुंठ सफरचंदाशी विशेष जमते.

यानंतर आठ-दहा मिनिटं त्याला हात लावू नका. गरम कॅरॅमल फोडीवरून पळतं. चमच्यावरून रिबिनीसारखं पडायला लागलं की बुडवायची वेळ झाली. बुडवलेली फोड लगेच भाजलेल्या दाण्याच्या भरड कुटात, तिळात किंवा किसलेल्या सुक्या खोबऱ्यात घोळवा आणि तूप लावलेल्या ताटात आडवी ठेवा. वीस मिनिटं फ्रिजमध्ये गेली की ती धरते.

आठ लहान सफरचंदांच्या प्रत्येकी सहा फोडी केल्या तर अठ्ठेचाळीस होतात. पंधरा मुलांना तीन-तीन, आणि तीन उरतात. हे एवढं कॅरॅमल सगळ्यांना पुरतं. तीन फोडींत मिळून साधारण १० ग्रॅम, म्हणजे अडीच चमचे साखरेइतकी गोडी जाते. त्यात केकही असणार, म्हणून तीनवर थांबा. गोड चिकट असतं तेव्हा ते दाताला लागून राहतं. खाणं झाल्यावर सगळ्यांना पाणी प्यायला द्या, खळखळून चूळ भरायला सांगा. दिवसभर येता-जाता एकेक देण्यापेक्षा जेवणाला जोडून एकदाच दिलेलं दातांसाठी बरं.

पाक करायचाच नसेल तर खजूर आहे. बारा मऊ बिनबियांचे खजूर वीस मिनिटं गरम पाण्यात भिजवा, दोन-तीन चमचे नारळाचं दूध, चमचाभर तूप आणि मीठ घालून मिक्सरमध्ये गुळगुळीत वाटा. हे काडीवर धरत नाही, वाटीत घेऊन फोडी बुडवून खायचं. शाळेतून आल्यावरच्या भुकेला मी हेच सुचवते. खजुरातही निम्म्याहून जास्त साखरच असते, पण चोथा सोबत येतो आणि तो पोटभरीचा लागतो. धाकट्यासाठी तर हेच करा.

धाकट्याबद्दल जरा कडक बोलते. साडेतीन वर्षांच्या मुलाला कच्च्या सफरचंदाची टणक फोड, अख्खे दाणे आणि काडी यांतलं काहीही देऊ नका. घशात अडकायचा धोका या वयात खरा असतो. त्याच्यासाठी सफरचंद पातळ चिरून दोन-तीन मिनिटं वाफवा, वर खजुराचं कॅरॅमल अर्धा चमचा, आणि त्याला मांडी घालून बसूनच खाऊ द्या, पळता पळता नाही. या सदराच्या ज्या वाचकांकडे तान्ही बाळं आहेत त्यांनी हेही ध्यानात ठेवावं : वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटभरही चाटवायचा नाही. त्यातून होणारा एक दुर्मिळ पण गंभीर आजार बाळाचे स्नायू लुळे पाडतो. घुटीतला मधही त्यात आला.

आणखी एक. सफरचंदात काडी खोचली की रस बाहेर येतो आणि कॅरॅमलखाली ओल धरते. २०१४ मध्ये अमेरिकेत बांधून विकलेल्या कॅरॅमल सफरचंदांतून लिस्टेरिया नावाच्या जंतूची साथ आली होती, बारा राज्यांतली ३५ माणसं आजारी पडली, काही दगावली. नंतरच्या संशोधनात ही काडीची वाट आणि बाहेरच्या तापमानात बरेच दिवस ठेवणं, ही कारणं पुढं आली. आपण घरी, स्वच्छ हातांनी, त्याच दिवशी करून खातोय, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण फोडी आदल्या दिवशी बुडवून ठेवू नका. कॅरॅमल हवं तर आदल्या दिवशी करा, पण फोडी वाढदिवसाच्या दुपारीच बुडवा, वाढेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. उरलेल्या तीन फोडी त्याच रात्री घरच्यांनी संपवाव्यात.

मुलीला या कामात घ्या. पातेल्याजवळ नको, उकळता पाक कातडीला चिकटून राहतो आणि पाण्यापेक्षा खोल भाजतो. पण फोडी टिपणं, काड्या खोचणं, कुटात घोळवणं हे सगळं तिचं. स्वतः घोळवलेली फोड ती सफरचंदासकट संपवेल. आणि गोळीची परीक्षा सासूबाईंकडे द्या. संक्रांतीचे लाडू वळलेल्या बाईच्या बोटांना मऊ गोळी आणि कडक गोळी यांतला फरक कळतो, आपल्याला थर्मामीटर लावूनही कळत नाही. "आई, गोळी झाली का बघा," एवढंच म्हणा.

माझं आजोळ करवीर तालुक्यातलं, पंचगंगेकाठचं. दसरा सरला की गुऱ्हाळ लागायचं. चुलवाणात चिपाडं जळत असायची, काईलीवर पिवळा फेस चढलेला असायचा आणि आम्ही पोरं सोललेलं उसाचं कांडं हातात धरून गुळव्याकडे बघत उभी असायचो. आदण उतरायच्या आधी तो ते कांडं घ्यायचा, गुळात फिरवायचा आणि गार पाण्यात बुचकळून परत द्यायचा. वरून ताणला जाणारा गरम गूळ, आत थंड रसाळ ऊस. तुमच्या भाच्यानं व्हिडिओ कॉलवर दाखवलेला पदार्थ मला ओळखीचा वाटला तो यामुळंच.

नोव्हेंबरात गुऱ्हाळं सुरू झालेली असतात. काकवी दुकानातून आणण्याऐवजी वाढदिवसाच्या आधीच्या रविवारी दोन्ही मुलांना आणि सासूबाईंना घेऊन एखाद्या गुऱ्हाळावर जा. सोबत काचेची कोरडी बरणी न्या, आणि मोठीसाठी उसाचं एक सोललेलं कांडं.